पेलाबुरशीचा नमुना : वाळवण्याआधीचे चोवीस तास

तुमचा प्रश्न मला असा समजला. दोन हंगाम फिरून तुम्ही चाळीसेक पेलाबुरश्या, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या बुरश्या, जमवल्या, वाळवल्या, पाकिटांत घालून हर्बेरियमकडे, म्हणजे वाळवलेले नमुने जपणाऱ्या संग्रहाकडे, दिल्या. आणि बहुतेक पाकिटं ‘ओळख शक्य नाही, नोंदी अपुऱ्या’ असा शेरा घेऊन परत आली. आता वाळवण्याची पद्धत कशी सुधारावी, असं तुम्ही विचारता आहात. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात वाळवण्याची मोठी चूक मला दिसत नाही. ४० अंश सेल्सिअसला खेळत्या हवेत वाळवलं, कुरकुरीत झाल्यावर बंद केलं, हे ठीकच आहे. खरी अडचण तोडणी आणि वाळवणी यांच्या मधल्या वेळेची आहे. त्या वेळात तुम्ही फोटो काढले, पण बाकी काही टिपलं नाही.

वाळल्यावर भूछत्रांचंही रंगरूप बदलतं, पण पेलाबुरशीचं नुकसान जास्त खोलवर होतं. पेल्याच्या आतल्या अंगाला आस्कसांचा थर असतो. आस्कस म्हणजे बीजाणूंची लांबट थैली, बहुधा एकेकीत आठ बीजाणू. या थैल्यांच्या मधून पॅराफायसिस नावाचे वांझ तंतू उभे असतात. जिवंतपणी थैली पाण्याच्या दाबाने तट्ट फुगलेली असते आणि पिकलेल्या थैल्या तंतूंच्या वर डोकावतात. पेशी मेली की थैली आक्रसते, तिची रुंदी लक्षात येण्याइतकी कमी होते. बीजाणूंच्या पोटात तेलाचे थेंब असतात. ते किती, केवढे आणि कुठे आहेत यावरून जाती वेगळ्या होतात, आणि वाळल्यावर नेमके हेच थेंब एकमेकांत मिसळतात. पॅराफायसिसमधले चकाकणारे, तेलकट दिसणारे गोळे तर पेशीबरोबरच जातात. जर्मन कवकतज्ज्ञ हान्स-ओटो बारल यांनी १९९२ साली हा मुद्दा सविस्तर मांडला. तेव्हापासून बारीक पेलाबुरश्यांवर काम करणारे लोक जिवंत नमुन्याच्या मोजमापांना वाळलेल्यापेक्षा वेगळं आणि वरचं स्थान देतात.

म्हणून माझ्या दृष्टीने पेलाबुरशीचा ‘नमुना’ म्हणजे वाळलेला तुकडा आणि तो जिवंत असताना लिहिलेला कागद, दोन्ही मिळून. यातलं एक नसेल तर दुसरं अर्धं.

आता परिस्थितीप्रमाणे काय बदलतं ते आधीच सांगते. तुमच्याकडे मायक्रोस्कोप आहे की नाही, यावर बरंच ठरेल. पेले सेंटिमीटरमध्ये मोजायचे आहेत की मिलिमीटरच्या अंशात, यावर हाताळणी ठरेल. डीएनए काढायचा असेल तर एक पायरी वाढेल. आणि प्रत्येक हर्बेरियमचे पाकिटांचे, लेबलांचे आपापले नियम असतात, ते गोळा करायला निघण्याआधीच विचारून घ्यावेत. पुढे जे लिहिते ते साधा मायक्रोस्कोप हाताशी असलेल्या माणसाला धरून. नसेल तर काय करायचं, तेही मध्ये येईल.

जंगलात सगळ्यात जास्त चूक होते ती उपटण्यात. जमिनीवर उगवलेला पेला दोन बोटांनी ओढला की देठ तुटतो आणि देठाखालची महत्त्वाची गोष्ट जमिनीतच राहते. स्क्लेरोटिनियाच्या कुळातले पेले जमिनीतल्या काळ्या, टणक गाठीवर किंवा सुकून आक्रसलेल्या फळावर उगवतात. ती गाठ हाती नसेल तर ओळख जवळजवळ अशक्य. सार्कोसायफाचे लाल पेले मातीतून आल्यासारखे दिसतात, पण खाली पुरलेली काटकी असते. म्हणून सुरी पेल्याच्या बाजूने दोन-तीन सेंटिमीटर लांब आणि खोल घालायची, मातीचा ढेकूळ उचलायचा आणि मग हळूहळू माती झाडत खाली जायचं. लाकडावरच्या पेल्यांना हातच लावायचा नाही. त्यांच्यासकट लाकडाची ढलपी किंवा काटकीचा तुकडा कापून घ्यायचा.

किती घ्यायचे? सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठे असतील तर पाच ते दहा, मिलिमीटरचे असतील तर वीस-तीस तरी. कोवळे, पिकलेले आणि म्हातारे असे सगळ्या वयाचे हवेत. सगळा झुबका मात्र उचलायचा नाही, निम्मे तिथेच राहू द्यायचे. नुसते कोवळे नमुने सुंदर दिसतात आणि अगदी निरुपयोगी ठरतात, कारण त्यांत पिकलेला बीजाणू नसतो. स्क्युटेलिनिया, म्हणजे कडेला पापण्यांसारखे काळसर केस असलेले लाल पेले, याचं ठळक उदाहरण आहे. यांच्या जाती बीजाणूवरच्या खवल्यांच्या नक्षीवरून ठरतात आणि कच्चा बीजाणू गुळगुळीत असतो. हँड लेन्सखाली पेल्याची आतली बाजू किंचित दाणेदार दिसली, किंवा हलकी फुंकर घातल्यावर धुरासारखा लोट उठला, तर समजा माल पिकलाय. पेझिझासारख्या मोठ्या पेल्यांत हा धूर नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

याच धुरामुळे प्रत्येक संकलनाला वेगळा, झाकणाचा कप्पा हवा. एकाचे बीजाणू दुसऱ्यावर बसले तर नंतर स्लाइडवर भलतेच बीजाणू दिसतात आणि तास वाया जातात. मासेमारीच्या गळांसाठी मिळतो तसा कप्प्यांचा प्लॅस्टिक डबा बारीक पेल्यांना उत्तम. प्रत्येक कप्प्यात ओलसर करून पिळलेल्या टिश्यूची छोटी घडी ठेवायची. ओलसर म्हणजे ओलसरच, पाणी सुटता कामा नये. मोठे, मांसल पेले मेणकागदात सैल गुंडाळायचे. बंद प्लॅस्टिक पिशवीत ते घाम धरतात, काही तासांत चिकट होतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर बुरा चढतो. घरी आल्यावर ४ अंशांच्या आसपास फ्रीजमध्ये बहुतेक नमुने दोन-तीन दिवस जिवंत राहतात. उभ्या झाडाच्या वाळक्या फांद्यांवरच्या काही जाती, विशेषतः ऑर्बिलियातल्या, कोरड्या पडूनही कित्येक आठवडे तग धरतात आणि पाणी मिळालं की पुन्हा फुगतात. त्यांना घाई नाही. मातीवरच्या मांसल पेल्यांना मात्र आहे.

कप्प्यात बुरशी जाते त्याच क्षणी क्रमांकाची चिठ्ठीही आत जायला हवी, पेन्सिलने लिहिलेली. हा क्रमांक पुढे फोटोत, वहीत, स्लाइडवर, वाळवणीच्या ताटलीत आणि पाकिटावर तोच राहतो. ‘घरी गेल्यावर नंबर देऊ’ असं ठरवलं की दोन सारख्या दिसणाऱ्या लाल पेल्यांची अदलाबदल होते, आणि ती झाल्याचं नंतर कळतही नाही.

जागेवर आणखी एक गोष्ट नीट लिहायची, आणि तुमच्या परत आलेल्या पाकिटांत मला हीच उणीव सगळ्यात मोठी वाटते. पेला कशावर उगवला होता? ‘लाकडावर’, ‘पानांवर’, ‘शेणावर’ एवढ्याने काही साधत नाही. लाकूड कोणत्या झाडाचं, साल शाबूत होती की गळलेली, नखाने दाबल्यावर आत जातं का, फांदी किती जाड, जमिनीवर पडलेली की झाडावरच? पातेऱ्यातलं पान असेल तर पेला पात्यावर होता, शिरेवर की देठावर? शेण, लीद आणि लेंड्या या तीन वेगळ्या नोंदी आहेत. शेणावरच्या ॲस्कोबोलसाचा अभ्यास करणाऱ्याला प्राणी कोणता आणि शेण किती जुनं, हे हवंच असतं. जळिताच्या जागी पायरोनेमा, जिओपिक्सिस असे पेले येतात. तिथे आग साधारण किती महिन्यांपूर्वी लागली होती ते लिहावं. झाड ओळखता येत नसेल तर त्याचं पान किंवा सालीचा तुकडा त्याच क्रमांकाने आणायचा, वनस्पती जाणणारा कोणीतरी ते सांगेल.

याचं मोल कळायला एक उदाहरण पुरेसं आहे. युरोपातली ॲशची झाडं ज्या रोगाने मरतात त्याचं कारण असलेली हायमेनोस्कायफस फ्रॅक्सिनियस ही बुरशी गेल्या वर्षी गळून काळ्या पडलेल्या पानदेठांवर इवले पांढरे पेले धरते. तिचं निरुपद्रवी भावंड असलेली हायमेनोस्कायफस ॲल्बिडस त्याच देठांवर, तशाच रूपात उगवते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. मायक्रोस्कोपखाली आस्कसाच्या बुडाशी आकडीसारखी वळलेली पेशी पहिलीत असते, दुसरीत नसते. पानदेठाची नोंद नसेल तर हा शोध सुरूच होत नाही, आणि बुडाची पेशी पाहिली नाही तर संपत नाही.

ठिकाणासाठी अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीने लिहा, सोबत डब्ल्यूजीएस ८४ ही मोजणी-प्रणाली आणि फोनने दाखवलेली अचूकता, म्हणजे ‘८ मीटर’ वगैरे. दशांश चिन्हानंतर पाच आकडे पुरतात, ते सुमारे एका मीटरचा बिंदू दाखवतात. दाट झाडीखाली फोनची अचूकता तेवढी नसतेच, त्यामुळे पुढचे आकडे निरर्थक. उंची, तारीख आणि आजूबाजूची झाडी एका ओळीत.

घरी आल्यावर पहिलं काम दिवसाच्या उजेडात बघण्याचं. पेल्यांतले लाल-केशरी रंग वाळवल्यावर फिकटतात, कित्येकदा मळकट पिवळे होतात. आतली बाजू, बाहेरची बाजू, कड आणि देठ या चारही ठिकाणांचा रंग वेगवेगळा लिहा. बाहेर लव आहे, पिठासारखा कोंडा आहे की गुळगुळीत? कड सरळ, आत वळलेली, दातेरी की फाटलेली? मग एक पेला मोडून पाच-दहा मिनिटं थांबा. पेझिझा सक्कोसाचा रस हवेत पिवळा होतो. दुसऱ्या काहींचा निळसर-जांभळा होतो, बहुतेकांचा काहीच होत नाही. ‘रस निघाला नाही’ हीसुद्धा नोंद आहे, ती गाळू नका. लाकूड निळं-हिरवं पडलंय का तेही पाहा, क्लोरोसिबोरिया लाकडालाच रंगवते.

फोटो मोजपट्टीसह, वरून, बाजूने आणि पालथा करून असे तीन तरी हवेत. फक्त वरून काढलेला फोटो देखणा येतो, पण बाहेरच्या भिंतीबद्दल काहीच सांगत नाही.

आता मायक्रोस्कोप. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. पहिली स्लाइड साध्या पाण्यात, दुसरं काहीही न घालता. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे पेशी मारणारं द्रव्य आहे, ते आधी घातलं तर जिवंत खुणा तिथेच संपल्या. पेल्याच्या कडेपासून बुडापर्यंत जाणारा उभा काप ब्लेडने घ्यायचा, बारीक पेला असेल तर थर्मोकोलच्या फटीत धरून. पाण्यात बघायचं ते हे: पूर्ण पिकलेल्या थैलीची लांबी-रुंदी, बीजाणूंमधले तेलाचे थेंब, पॅराफायसिसच्या टोकांचा आकार आणि आतले गोळे, आस्कसाच्या बुडाची पेशी, आणि बाहेरच्या भिंतीतल्या पेशी गोल आहेत, कोनाकार आहेत की लांबट. थैली झाकणासारखी उघडते की टोकाच्या छिद्रातून, यावर पेलाबुरश्यांचे दोन मोठे गट पडतात, आणि हेही ताज्या स्लाइडवर चांगलं दिसतं. फोनचा कॅमेरा आयपीसला लावून फोटो काढून ठेवा.

दुसरी पायरी लुगोलची, म्हणजे आयोडीनच्या द्रावणाची. १ ग्रॅम आयोडीन, ३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १०० मिलिलिटर पाणी. आधी पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात आयोडीन घालायचं, मग उरलेलं पाणी. उलट केलं तर आयोडीन तळाशी बसून राहतं. बाटली गडद काचेची हवी. त्याच स्लाइडच्या कडेला एक थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो ओढून घ्यायचा. पेझिझात आणि ॲस्कोबोलसात थैलीची भिंत निळी होते, स्क्युटेलिनियात होत नाही. बारीक पेल्यांपैकी अनेकांत फक्त टोकाचं वलय निळं होतं. मग नवीन काप घेऊन तो ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून, पाण्याने धुऊन, पुन्हा लुगोल. काही जातींत नुसत्या लुगोलने वलय तांबूस-लाल होतं आणि या धुण्यानंतर निळं होतं. हा फरक मोलाचा आहे, आणि मेल्झरचं द्रावण वापरलं तर बऱ्याचदा तो दिसतच नाही. क्लोरल हायड्रेट असलेल्या त्या द्रावणात लाल प्रतिक्रिया दडून जाते आणि वहीत चुकून ‘आयोडीनने रंग नाही’ अशी नोंद पडते. त्यात क्लोरल हायड्रेट विषारी, अनेक ठिकाणी परवान्याशिवाय न मिळणारं. पेलाबुरशीसाठी मी लुगोलच वापरते आणि तुम्हीही तेच वापरावं असं सांगेन. प्रतिक्रिया लिहिताना द्रावणाचं नाव मात्र नेहमी लिहा.

नक्षी बघायला बीजाणू लॅक्टिक ॲसिडमधल्या कॉटन ब्लू या रंगद्रव्यात घेऊन स्लाइड किंचित गरम करायची, उकळू द्यायची नाही. खवले, जाळी, टोकांचे काटे निळे होऊन उठून दिसतात. अल्यूरिया ऑरँशियाच्या बीजाणूवरची जाळी अशीच बघतात.

बीजाणू कोणते मोजायचे? थैलीतून बाहेर फेकले गेलेलेच. आतले कच्चे असू शकतात आणि मोजमाप खाली ओढतात. इथे पेलाबुरशीचं तोंड वर असतं हे विसरू नका. भूछत्रासारखी ती कागदावर ठेवून भागत नाही, कारण बीजाणू वर उडतात, मोठ्या पेल्यांचे तर काही सेंटिमीटर. पेल्याचा तुकडा पेट्रोलियम जेलीने काचेच्या डबीच्या झाकणाला आतून, तोंड खाली करून चिकटवा, खाली स्लाइड ठेवा, बाजूला ओला टिश्यू, आणि रात्रभर सोडा. सकाळी स्लाइडवर पांढुरका ठसा असेल. त्यातले निदान तीस बीजाणू १००× ऑइल इमर्शनखाली पाण्यात मोजायचे. लांबी-रुंदी नक्षी सोडून की धरून, हे लिहायचं. नोंद अशी दिसते: (१६–)१७–२०(–२२) × ८.५–१०.५ मायक्रोमीटर, ३० बीजाणू, पाण्यात, जिवंत. शेवटचे दोन शब्द गाळले तर पुढच्या माणसाला तुमचे आकडे कशाशी ताडायचे ते कळणार नाही. आयपीसमधली मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे नेमक्या मापाच्या खुणा कोरलेल्या काचपट्टीवर, ताडून घेतलेली असावी, प्रत्येक लेन्ससाठी वेगळी.

लाल सार्कोसायफा हे जिवंत बीजाणूचं चांगलं उदाहरण आहे. कॉक्सिनिया आणि ऑस्ट्रियाका या दोन जाती बाहेरून सारख्या. कॉक्सिनियाच्या बीजाणूची टोकं गोल आणि बाहेरचे केस साधारण सरळ. ऑस्ट्रियाकाच्या बीजाणूची टोकं चपटी किंवा किंचित दबलेली आणि केस मळसूत्रासारखे वळलेले. केस वाळल्यावरही टिकतात, पण टोकांचा आकार आणि तेलाचे थेंब ताज्यात बघितलेले बरे.

मायक्रोस्कोप नसेल तर रात्रभराचा हा ठसा तरी घ्याच. कव्हरस्लिपवर वाळवून, कागदाच्या छोट्या घडीत, त्याच क्रमांकाने नमुन्यासोबत ठेवा. वाळलेले थेंब परत येणार नाहीत, पण पिकलेल्या बीजाणूची लांबी, रुंदी आणि नक्षी तरी पुढच्याच्या हाती लागेल. आणि ताजा नमुना दोन दिवसांत मायक्रोस्कोपवाल्याकडे पोचवता आला तर त्याहून चांगलं काही नाही.

एका दिवसात बारा संकलनं झाली आणि संध्याकाळ एकच असेल, तर सगळ्यांचं अर्धवट करण्यापेक्षा चार-पाचांचं पूर्ण करा, टिकणारे फ्रीजमध्ये ठेवा, आणि उरलेल्यांसाठी किमान रंग, आधार (पेला ज्यावर उगवला ते) आणि ठसा एवढं घ्या.

डीएनएसाठी तुकडा घ्यायचा असेल तर तो वाळवण्याआधी. स्वच्छ ब्लेडने, मोडलेल्या पेल्याच्या आतल्या मांसातला, तांदळाच्या दाण्याएवढा. वरचा, उघडा भाग नको, त्यावर दुसऱ्या बुरश्यांचे बीजाणू असतात. तो सिलिका जेलमध्ये किंवा डीएनए टिकवणाऱ्या सीटॅब द्रावणात ठेवतात. २०१२ पासून बुरश्यांसाठी आयटीएस हा डीएनएचा पट्टा ओळखखूण म्हणून सर्वमान्य आहे. फॉर्मॅलिनच्या जवळ नमुना नेऊ नका, त्याने डीएनए खराब होतो. अल्कोहोलमध्ये साठवलं तर रंग आणि तेल विरघळतं, म्हणून मुख्य नमुना त्यातही नको.

वाळवण्याबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही बहुतेक नीटच करता. ३५ ते ४० अंश, जाळीवर, हवा खेळती, ८ ते २४ तास. ५० च्या वर गेलं की नमुना शिजतो आणि नंतर भिजवल्यावर उलगडत नाही. ऊन, ओव्हन, वजनाखाली दाबणं, तिन्ही टाळा; दाबलेल्या पेल्याची भिंत आणि थर एकमेकांत चेपले जातात. मोठे पेले उभे दोन भाग करून वाळवा. मिलिमीटरचे पेले काटकीसकट बंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवा, जेल नमुन्याच्या वजनाच्या निदान दहापट. कटकन मोडला तर वाळला, लवला तर अजून ओल आहे. एक इशारा: मेंदूसारख्या सुरकुत्यांचा गायरोमिट्रा सापडला तर तो वाळताना विषारी वाफ सोडतो, राहत्या खोलीत वाळवू नका.

पाकीट आम्लरहित कागदाचं, चारही बाजू दुमडून, साधारण १० × १४ सेंटिमीटर. बारीक पेले आत आणखी एका छोट्या घडीत. काटकीवरचे नाजूक पेले पाकिटात घासून गळतात, त्यांच्यासाठी काटकी तळाला डिंकाने चिकटवलेली पुठ्ठ्याची डबी बरी. पेल्याला डिंक लागता कामा नये. टाचण्या आणि स्टेपल गंजतात, चिकटपट्टी पिवळी पडून सुटते, बॉलपेन पसरतो. लेबल पेन्सिलने किंवा न फिकटणाऱ्या शाईने. पाकिटं हर्बेरियमच्या कपाटात जाण्याआधी घट्ट बंद पिशवीत उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवतात, म्हणजे भुंगेरे आणि कसर मरते. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ नमुन्यावर बसते आणि वाळवण्याची मेहनत वाया जाते.

नोंदवहीचा नियम एकच आणि कडक: एक क्रमांक म्हणजे एक जात, एक जागा, एक दिवस, एक आधार. एकाच काटकीवर दोन जातींचे पेले निघाले, आणि बारीक पेल्यांत हे सतत होतं, तर मूळ क्रमांकाला ‘अ’ आणि ‘ब’ जोडा, दोन पाकिटं करा, आणि प्रत्येकावर दुसऱ्याचा उल्लेख ठेवा. क्रमांक दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू करू नका. संगणकावर नोंदताना एक ओळ एक नमुना. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी. अक्षांश आणि रेखांश वेगळ्या रकान्यांत. रकान्यांची नावं डार्विन कोअर या प्रमाण पद्धतीप्रमाणे ठेवली तर हर्बेरियमला ती जशीच्या तशी घेता येतात. परवानगी लागणाऱ्या जागेत गोळा केलं असेल तर परवान्याचा क्रमांकही त्याच ओळीत. नमुना किंवा त्याचा डीएनए दुसऱ्या देशात जाणार असेल तर जैविक संसाधनांच्या देवाणघेवाणीबद्दलच्या, १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झालेल्या नागोया या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रं आधी तपासा.

नावाच्या रकान्यात खात्री असेल तेवढंच लिहा. ‘स्क्युटेलिनिया, जात अनिश्चित’ ही प्रामाणिक आणि उपयोगी नोंद आहे. फोटोशी जुळवून चिकटवलेलं नेमकं नाव घातक, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. ओळख बदलली तर जुनी चिठ्ठी काढायची नाही. नवीन नाव, ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख असलेली चिठ्ठी शेजारी घालायची. नावं बदलत राहतात. लाकडावरची पिवळी बिस्पोरेला सिट्रिना आता कॅलिसिना सिट्रिना म्हणून लिहिली जाते, पेझिझातल्या अनेक जाती वेगळ्या प्रजातींत गेल्या आहेत. फाइल, फोटो, डीएनए हे सगळं क्रमांकाशी बांधलेलं असेल तर नावं कितीही बदलोत, दुवा तुटत नाही. नमुना जमा झाल्यावर हर्बेरियमने दिलेला क्रमांक स्वतःच्या वहीत लगेच चढवा.

आता परत आलेल्या त्या चाळीस पाकिटांचं. एकही फेकू नका. फोटोंच्या फाइलमध्ये तारीख आणि बहुधा ठिकाण असतं, ते काढून वहीत उतरवा आणि ‘फोटोच्या माहितीवरून’ असं पुढे लिहा. काटकी, पान किंवा माती पाकिटात उरली असेल तर आधाराची ओळख अजूनही होऊ शकते. मग प्रत्येकातला एक छोटा काप ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवा, बीजाणू पिकलेले आहेत का बघा, मोजा, आणि ‘वाळलेल्यातून, द्रावणात’ असं स्पष्ट लिहा. केस, भिंतीच्या पेशी, नक्षी आणि आयोडीनची प्रतिक्रिया यांतलं बरंच अजून मिळेल. मोठ्या, नक्षीदार बीजाणूंच्या जाती, म्हणजे स्क्युटेलिनिया, अल्यूरिया, ॲस्कोबोलस, अशाही ओळखता येतील. इवले पांढरे-करडे पेले, मॉलिसियासारखे, बहुतेक अडतील. त्यांच्यासाठी पुढच्या हंगामात त्याच जागी, त्याच झाडाखाली जाऊन ताजं संकलन करा, त्याला नवा क्रमांक द्या आणि जुन्या क्रमांकाचा उल्लेख ठेवा. आणि आठवणीतून रंग भरू नका. ज्या रकान्यासाठी तुमच्याकडे त्या दिवशीची नोंद नाही, तो रिकामाच ठेवा.